अशनी आणि नोंदवही : चंद्रपूर-गडचिरोलीच्या निमित्ताने

२ एप्रिल २०२२ रोजी संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून लोकांनी आकाशात सरकत जाणारा एक प्रकाशपट्टा पाहिला. बहुतेकांच्या तोंडी पहिला शब्द आला तो 'उल्का'. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे आणि चाळीस किलोच्या आसपास वजनाचे धातूचे कडे सापडले. पुढच्या दिवसांत त्याच तालुक्यातील इतर गावांच्या शिवारांतून धातूचे पोकळ गोळेही मिळाले. पोलीस आले, महसूल खाते आले, मागाहून 'इस्रो'चे शास्त्रज्ञ आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या 'लाँग मार्च ३ बी' या चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असा निष्कर्ष जाणकारांनी काढला. एकूण, आकाशातून पडलेल्या एका वस्तूची सरकारदरबारी दखल कशी घेतली जाते, याचा हा बऱ्यापैकी समाधानकारक नमुना होता.

आमच्या मनात प्रश्न येतो तो वेगळाच. त्या रात्री कड्याऐवजी मुठीएवढा काळपट दगड पडला असता तर? तो कोणी उचलला असता? उचललाच असता तर कुठे नेऊन दिला असता? आणि तो कुठल्यातरी संग्रहालयाच्या कपाटात पोचला असता, तरी त्याच्याबरोबर लाडबोरीचे नाव, पडण्याची वेळ, पाहणाऱ्याचे शब्द यांतले काय पोचले असते?

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. अशनींच्या संग्रहात दगडाइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, मोल त्याच्या नोंदीला असते. ही नोंद संग्रहालयाच्या टेबलावर सुरू होत नाही. दगड जिथे पडला तिथे, पहिल्या काही तासांत सुरू होते. म्हणून ती करण्याचा पहिला मान आणि पहिली जबाबदारी गावाची असली पाहिजे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत ही व्यवस्था उभी करणे शक्य आहे, कारण तिचा सांगाडा तिथे आधीपासूनच आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आकाशात दिसते ती उल्का. जमिनीवर पोचतो तो अशनी. आपल्या वर्तमानपत्रांत दोन्हींसाठी 'उल्का' हाच शब्द सर्रास वापरला जातो, आणि 'अशनी' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ तर वज्र, वीज असा आहे. हा केवळ शब्दच्छल नव्हे. जगभर शेतकऱ्यांनी नांगराखाली सापडलेल्या अश्मयुगीन कुऱ्हाडींना विजेचे दगड मानले आहे. चंद्रपूरजवळच्या पापामिया टेकडीवर अश्मयुगीन हत्यारे सापडलेली आहेत. तेव्हा या भागात 'आभाळातून पडलेला दगड' म्हणून कोणी काही पुढे केले, तर ते अशनी असेल, आदिमानवाचे हत्यार असेल, नाहीतर अग्निबाणाचा तुकडाही असेल. तिन्हींचे मोल वेगळे, तिन्हींचे शास्त्र वेगळे, आणि कायद्यातले स्थानही वेगळे. अग्निबाणाच्या तुकड्याला मालक असतो : १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार सोडलेल्या वस्तूची मालकी ती परत जमिनीवर पडली तरी संपत नाही, आणि १९७२ च्या करारानुसार तिच्यामुळे जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी सोडणाऱ्या देशाची असते. अशनीवर असा दावा सांगायला कोणी अवकाशातून येत नाही. म्हणूनच त्याची कैफियत जमिनीवरच्या माणसांनी लिहून ठेवावी लागते.

ही कैफियत म्हणजेच सूची. वाचकांना सूची म्हटले की अनुक्रमांक, नाव, वजन अशी एक रूक्ष यादी डोळ्यांपुढे येते. अशनीच्या बाबतीत त्यातला एकेक रकाना म्हणजे एकेक साक्ष असते. पडण्याचा दिवस आणि घटका. प्रकाश कुठल्या दिशेने कुठे गेला. आवाज झाला का, किती वेळाने झाला. तुकडे किती, कुठे कुठे, एकमेकांपासून किती अंतरावर. जमिनीत खड्डा किती खोल. उचलला कोणी, कशाने. दगड गरम होता की गार. हे सगळे जुळवले तर तो अवकाशात कुठल्या कक्षेतून आला याचा अंदाज बांधता येतो. पुढे संग्रहात आल्यावर कुठला तुकडा कोणाला दिला, किती ग्रॅम कापला, कापताना करवतीखाली किती भुगा गेला, बदल्यात काय आले, हेही लिहावे लागते. जगातली संग्रहालये गेली दीडदोनशे वर्षे एकमेकांशी अशनींची देवाणघेवाण करीत आली आहेत. त्यामुळे एकाच गावात पडलेल्या दगडाचे तुकडे कोलकाता, लंडन, व्हिएन्ना अशा ठिकाणी विखुरलेले असतात. त्या सगळ्यांना बांधून ठेवणारा धागा एकच, तो म्हणजे सूचीतली नोंद. धागा तुटला की उरतात ते निव्वळ दगड.

भारताला या कामाची परंपरा नाही असे नाही. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने अशनींचा संग्रह कोलकात्यात सांभाळला. कॉगिन ब्राऊन यांनी १९१६ मध्ये त्या संग्रहाची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली, आणि १९६९ मध्ये मूर्ती, श्रीवास्तव व दुबे यांनी भारतीय अशनींवरचा ग्रंथ सिद्ध केला. लंडनच्या संग्रहालयातून प्रायर यांनी १९२३ मध्ये काढलेली जागतिक सूची पुढे वाढत वाढत २००० साली पाचव्या आवृत्तीपर्यंत गेली. आज हे काम आंतरराष्ट्रीय अशनी संस्थेच्या संगणकीय सूचीतून चालते. नवे नाव तिच्या समितीच्या मंजुरीशिवाय रूढ होत नाही, आणि नव्या अशनीचा किमान वीस ग्रॅमचा किंवा एकूण वजनाच्या वीस टक्के भरेल इतका नमुना मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावा लागतो.

नोंद राखण्याने काय साधते, याची दोन उदाहरणे देतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या गया जिल्ह्यात शेरघाटी येथे सुमारे पाच किलोचा एक दगड पडला. तो जतन झाला, त्याच्यावर गावाचे नाव आणि तारीख राहिली. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या चेर्माक यांनी त्याचा अभ्यास केला. त्या जातीच्या सगळ्या अशनींना पुढे शेरघाटीवरूनच नाव पडले. त्यानंतर तब्बल शतकभराने, १९८० च्या दशकात, या जातीचे दगड मंगळावरून आलेले आहेत हे पुढे आले. ज्या कारकुनाने १८६५ साली तो दगड नोंदवला, त्याला मंगळाची कल्पना असणे शक्य नव्हते. नोंद करणाऱ्याला उत्तर ठाऊक असावे लागत नाही. प्रश्न विचारता येईल एवढी सामग्री त्याने मागे ठेवावी लागते. दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. सुमारे तेरा किलो वजनाचे तुकडे मिळाले. त्या दगडात ब्रिजमनाइट नावाचे खनिज नैसर्गिक अवस्थेत सापडल्याचे खरगपूरच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात, साडेसहाशे किलोमीटरहून अधिक खोलीवर, हेच खनिज सर्वाधिक प्रमाणात आहे. पण तिथून ते हाती लागत नाही. ते काटोलच्या शेतातून हाती आले. 'काटोल' हे नाव आज जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहे, त्याला कारण दगड उचलणारे हात आणि तो लागलीच नोंदवणारी यंत्रणा दोन्ही त्या दिवशी जवळ होती.

आता महाराष्ट्राच्या यादीकडे पाहू. तीत ठळकपणे दिसणारी नावे अशी : चांदकापूर (१८३८), माणेगाव (१८४३), जामखेड (१८६६), भागूर (१८७७), कळंबी (१८७९), आंदुरा (१९३९) आणि काटोल (२०१२). बेरार, खानदेश, नगर, सातारा, अकोला, नागपूर. नावे वाचताच एक गोष्ट ध्यानात येते. ही सगळी मोकळ्या शेतीची, दाट वस्तीची, कचेरी जवळ असलेली ठिकाणे आहेत. अशनी शेते पाहून पडत नाहीत. १९८९ मध्ये कॅनडातील कॅमेऱ्यांच्या जाळ्यावरून केलेल्या गणितानुसार, दर दहा लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात वर्षाला एक किलोहून अधिक वजनाचे अशनी पडण्याच्या सुमारे आठ घटना होतात. शंभर ग्रॅमची मर्यादा धरली तर त्या चाळीसच्या घरात जातात. चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून क्षेत्रफळ पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. म्हणजे या दोन जिल्ह्यांत सरासरीने दर वर्षी शंभर ग्रॅमहून मोठी एक घटना आणि दर पाच वर्षांनी किलोहून मोठी एक घटना व्हायला हवी. जामखेडचा दगड १८६६ चा. तेव्हापासून आजवर या अरण्यात किलोभराच्या तीसेक तरी घटना झाल्या असाव्यात. त्यांचे दगड कुठे आहेत? सागाच्या पाचोळ्याखाली, बांबूच्या बेटांत, भाताच्या बांधीत, कदाचित एखाद्या देवाच्या ठाण्यावर शेंदूर लावून.

जंगल आहे म्हणून सापडत नाहीत, हे उत्तर अर्धेच खरे. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरचे अरण्य काही कमी दाट नाही. तिथे १९४० मध्ये पडलेला एराकोटचा अशनी आणि २००१ मध्ये पडलेला देवगावचा अशनी जागतिक सूचीत आहेत. त्यातला एराकोटचा तर कार्बनी जातीचा, दुर्मीळ, आणि अवघा शेसव्वाशे ग्रॅम वजनाचा. इतका लहानसा ऐवज बस्तरातून सूचीपर्यंत पोचू शकला, याचा अर्थ एवढाच की पाहणारा आणि लिहिणारा यांची गाठ पडली.

चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र आणखी एक अडचण आहे, आणि ती इथल्या मातीतलीच आहे. हा लोखंडाचा मुलूख आहे. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, चंद्रपुरात लोहाऱ्याला आहे. खाणी येण्यापूर्वी कितीतरी पिढ्या या भागात मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळले जात होते, आणि त्या भट्ट्यांचे कीट अजून रानात सापडते. जड, काळपट, चुंबकाला ओढणारा दगड म्हणजे अशनी, ही शाळेतली ओळख इथे फसवी ठरते. इथले कितीतरी दगड तसेच आहेत. पण फरक ओळखता येतो. लोहकिटाला बुडबुड्यांची भोके असतात. अशनीला सहसा नसतात. बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर घासले तर हेमॅटाइट तांबडी आणि मॅग्नेटाइट काळी रेघ उमटवतो. ताज्या अशनीची रेघ बहुधा उमटतच नाही. त्याच्यावर पातळ, काळी, वितळून थिजलेली साल असते आणि तुटलेल्या जागी आत फिकट करडा दगड, त्यात धातूचे चमचमते कण दिसतात. आणखी एक सूचना, जी आपल्याकडे अजून रुजलेली नाही : जोरदार चुंबक लावून पाहू नये. अशनीच्या पोटात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणा जपलेल्या असू शकतात, आणि आजकालच्या जबर चुंबकाच्या नुसत्या स्पर्शाने त्या पुसल्या जातात. होकायंत्राची सुई हलते का पाहावे, तेवढे पुरे. घाईचे म्हणाल तर तिलाही शास्त्रीय कारण आहे. अवकाशातील किरणांच्या माऱ्याने अशनीत काही अल्पायुषी किरणोत्सारी मूलद्रव्ये तयार झालेली असतात. त्यांतली काही थोड्या दिवसांत, काही थोड्या महिन्यांत क्षीण होतात. दगड अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी वर्षभराने पोचला, तर त्यातला बराच मजकूर वाटेतच विरून गेलेला असतो.

आता नावांचा प्रश्न. आमच्या दृष्टीने तो सर्वांत नाजूक आहे. प्रथेनुसार अशनीला तो जिथे पडला त्या गावाचे नाव मिळते. गाव ओसाड पडले, धरणात बुडाले, तरी सूचीत ते नाव टिकून राहते. पण कोणते नाव, आणि कोणत्या स्पेलिंगात? नगर जिल्ह्यातला जामखेडचा दगड जागतिक सूचीत 'जामखैर' होऊन बसला आहे. वर उल्लेखिलेला बेरारचा 'चांदकापूर' आणि उत्तर प्रदेशातला १८८५ चा 'चांदपूर' ही दोन नावे एकाशेजारी एक ठेवली, तर चंद्रपूरचा वाचक क्षणभर आपलेच गाव म्हणून थबकेल. बस्तरच्या देवगावचा अशनी १२ फेब्रुवारी २००१ चा, आणि आसामातल्या देरगावचा २ मार्च २००१ चा. अठरा दिवसांचे अंतर आणि एका अक्षराचा फरक. सिरोंचाहून गोदावरी ओलांडली की तेलंगणातले महादेवपूर लागते. पण 'महादेवपूर' नावाचा सत्तर किलोचा अशनी पडला तो २००७ मध्ये, अरुणाचल प्रदेशात. असा गोंधळ टाळण्याचा उपाय एकच : नावाबरोबर तालुका, जिल्हा, प्रांत, अक्षांश-रेखांश सगळे लिहिणे.

चंद्रपूर-गडचिरोलीत तर तेवढेही पुरत नाही. हा प्रदेश इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातला चांदा जिल्हा. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. एखाद्या जुन्या संग्रहात 'चांदा, म.प्रां.' एवढीच चिठ्ठी असलेला नमुना निघाला, तर तो वरोऱ्याच्या कोळसापट्ट्यातला की भामरागडच्या डोंगरातला, हे ठरवणे अशक्य आहे. मधले अंतर दीडदोनशे किलोमीटरचे आहे. महसुली नावांची तऱ्हा आणखी निराळी. इथे एकाच नावाची दोन-तीन गावे 'माल', 'चक', 'तुकूम', 'रिठ' अशा जोडनावांनी वेगळी ओळखली जातात. रिठ म्हणजे उठून गेलेले, बेचिराख गाव. शहरातल्या लेखनिकाला हे शेपूट अनावश्यक वाटते, तो ते गाळतो, आणि दगड एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन पडतो. पूर्वेकडे माडिया-गोंडी नावे, दक्षिणेला सिरोंचाकडे तेलुगू नावे. ती मराठीत एका रीतीने लिहिली जातात, इंग्रजीत दुसऱ्या, आणि बोलणाऱ्याच्या तोंडी तिसरीच असतात. म्हणून आमचा आग्रह आहे की, नोंदीत गावकऱ्याच्या तोंडचे नाव देवनागरीत जसेच्या तसे आधी लिहावे, महसुली नाव त्यापुढे, आणि रोमन रूप सर्वांत शेवटी. एकदा लिहिलेले मूळ नाव पुढे कितीही नामांतरे झाली तरी खोडू नये. त्याच्याखाली नवे लिहावे.

नावाबरोबर माणूस येतो. सूच्यांतून संग्राहक, दाता, विक्रेता, वर्गीकरण करणारा शास्त्रज्ञ यांची नावे आढळतात; ज्याच्या शेतात दगड पडला, ज्याने भीतभीत तो पहिल्यांदा उचलला, त्याचे नाव फारदा आढळत नाही. त्याने काय पाहिले ते 'स्थानिकांच्या मते' या दोन शब्दांत गुंडाळले जाते. हे अन्यायाचे तर आहेच, पण शास्त्राच्याही तोट्याचे आहे. जंगलात राहणाऱ्या माणसाची आकाशाशी ओळख नसते, असे समजण्याचे कारण नाही. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंड गावांत फिरून गोंडांच्या आकाशज्ञानावर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्यांतले चार तारे त्यांच्याकडे खाट आहेत आणि उरलेले तीन ती पळवू पाहणारे चोर. ज्या माणसाला ही खाट रात्री कुठल्या वेळी कुठे असते ते ठाऊक आहे, तो 'अग्नी खाटेच्या पायथ्याकडून आला आणि डोंगराच्या अमक्या सोंडेमागे गेला' असे सांगू शकतो. गणिताच्या दृष्टीने ही पक्की साक्ष आहे. ती 'स्थानिकांच्या मते' होऊन जाते, कारण ती विचारणारा तिची भाषा जाणत नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा की, जिथे दवाखाना, रस्ता, जमिनीचा पट्टा यांसाठी माणसे झगडत आहेत, तिथे आकाशातल्या दगडांची उठाठेव कशाला? आमचे उत्तर असे की, या व्यवस्थेला पैसा जवळजवळ लागत नाही. शिवाय ज्या प्रदेशातून सागवान, बांबू, कोळसा आणि लोखंड वर्षानुवर्षे बाहेर गेले, आणि त्याचा पुरता हिशेब गावांना क्वचितच मिळाला, तिथे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद गावापाशी राहणे ही चैन म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. अशनीतले निकेलयुक्त लोखंड दमट हवेत गंजते. त्याला कोरडी, बंदिस्त जागा हवी. गावाने ठेवून घेतला तर दोन पावसाळ्यांत त्याचा चुरा होईल. आणि बाजारात अशनींना किंमत असल्यामुळे तो विकलाही जाईल. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. दगड भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे जावा, ते देशात या कामाचे अधिकृत ठिकाण आहे, आणि तिचे कार्यालय नागपुरात आहे. आमचा हट्ट दगडासाठी नाही, नोंदीसाठी आहे. उलट ज्या गावाच्या वहीत वजन आणि मोजमापासह दगडाची नोंद आहे, तिथून तो गुपचूप नाहीसा होणे अवघडच जाईल. तिसरा आक्षेप अनुभवाचा : दहा जण दगड घेऊन येतील, त्यांतले दहाही लोहकीट निघतील. निघोत की! चुकीच्या दगडाचीही नोंद ठेवावी, आणि तो काय निघाला हे आणणाऱ्याला कळवावे. ज्याला एकदा उत्तर मिळाले, तो दुसऱ्यांदा दगड आणतो. ज्याला हसून वाटेला लावले, तो पुढच्या वेळी खरा अशनीही बांधावर टाकून देतो.

वर आम्ही सांगाडा तयार आहे असे म्हटले, ते उगीच नाही. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तर कायद्याची वाट न पाहता आपल्या अभ्यासगटांतून जंगल समजून घ्यायला आणि लिहून काढायला सुरुवात केली होती. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९ साली त्याचे नाव होते. ज्या ग्रामसभा आपल्या रानातली झाडे, पाखरे, मासे लिहितात, बांबूचा हिशेब ठेवतात, त्यांना त्याच वहीत दोन पाने वाढवणे अवघड नाही. जंगलात रोज फिरणारे वनरक्षक आहेत, मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या बाया आहेत. जमिनीवर काय नवे आहे हे त्यांच्याइतके कोणाच्या लक्षात येणार? २०११ मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ याच दोन जिल्ह्यांसाठी आहे. त्याने ग्रामसभा आणि नागपूरचे भूवैज्ञानिक यांच्यामधला दुवा व्हावे, जिल्ह्याची एकत्र नोंदवही ठेवावी, ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. आणि जो दगड गावातून बाहेर जाईल, त्याच्या बदल्यात तीन गोष्टी गावाला परत मिळाव्यात : त्याचा हुबेहूब साचातला नमुना, सूचीतल्या नोंदीची मराठी प्रत, आणि पुढे त्या दगडावर जे संशोधन होईल त्याचा चार ओळींचा का होईना, गोषवारा.

संग्रहालयांनीही थोडे करायचे आहे. आपल्याकडच्या कपाटांत 'उल्का' किंवा 'आकाशातून पडलेला दगड' एवढ्याच चिठ्ठीवर नमुने ठेवण्याची रीत सोडली पाहिजे. ठिकाण, तारीख, वजन, जात आणि उचलणाऱ्याचे नाव ही पाच माहिती मराठीत पाटीवर असावीत. अग्निबाणाचे तुकडेही खुशाल मांडावेत. १९७९ मध्ये 'स्कायलॅब' कोसळले, तेव्हा त्याचे अवशेष ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाने आपल्या संग्रहालयात हौसेने मांडले आहेत. पण ते वेगळ्या कपाटात, वेगळ्या पाटीखाली. लाडबोरीच्या शाळकरी मुलाला दोन्हींमधला फरक एकाच दालनात पाहता आला, तर पुढच्या वेळी आकाशात रेघ उमटेल तेव्हा तो घड्याळ पाहील. सावकाश, बराच वेळ, तुकडे होत आडवी सरकणारी रेघ बहुधा माणसाने सोडलेल्या वस्तूची. ती सेकंदाला आठेक किलोमीटर वेगाने येते. क्षणार्धात लख्ख होऊन विझणारी बहुधा उल्केची. तिचा वेग अकरापासून बहात्तर किलोमीटरपर्यंत असतो. कशाची होती हे मागाहून ठरवता येते. किती वाजता, कुठून कुठे, हे मात्र त्याच वेळी लिहावे लागते.

एवढ्यासाठी नवा कायदा नको, नवे महामंडळ नको, इमारत तर नकोच. ग्रामसभेच्या नोंदवहीत एक पान आखावे. त्यावर रकाने असे असावेत : दिवस, वेळ, कोणी पाहिले, त्याच्याच शब्दांत काय पाहिले, कुठे पडले ते गाव सांगते त्या नावाने, महसुली नाव, वजन, कोणी उचलले, कोणाकडे दिले, आणि त्यांनी काय कळवले. शेवटचा रकाना भरून घेईपर्यंत गावाने पाठपुरावा सोडू नये. आमच्या मते, या देशातल्या कुठल्याही संग्रहालयाच्या सूचीला याहून चांगली सुरुवात मिळणार नाही.